धुराचे वलय

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. वारा पडला आहे. लोडाला टेकून बसलेला एक वृद्ध गृहस्थ हुक्क्याची नळी ओठांपासून दूर करतो, तोंडाचा चंबू करतो आणि घशातून अगदी हलका धक्का देतो. त्याच्या ओठांतून एक करडे कडे अलगद बाहेर पडते. अंगठीएवढे निघालेले ते कडे पुढे जाता जाता बांगडीएवढे होते, मग वाटीच्या काठाएवढे होते, आणि समोर बसलेली मुले त्यात बोट घालण्यासाठी धावतात. गृहस्थ हसतो आणि दुसरे कडे सोडतो. या वेळी त्याने किंचित अधिक जोर लावलेला असतो. हे दुसरे कडे पहिल्याला गाठते आणि त्याच्या पोटातून आरपार निघून जाते. मुले टाळ्या पिटतात. मोठी माणसे टाळ्या पिटत नाहीत, परंतु बोलता बोलता थांबतात आणि त्यांचीही नजर त्या कड्यामागे जाते.

हा खेळ पाहून ज्याला आनंद झाला नाही असा मनुष्य विरळा. परंतु आनंदाच्या मागोमाग एक प्रश्न मनात यावयास हवा. धुराला स्वतःचा आकार नाही. चुलीचा धूर, उदबत्तीचा धूर, आगगाडीच्या जुन्या इंजिनाचा धूर, हे सारे पाहता पाहता पसरतात आणि नाहीसे होतात. मग हाच धूर ओठांतून विशिष्ट रीतीने बाहेर पडला म्हणजे दोन-तीन हात अंतर आपला आकार सांभाळून कसा जातो? त्याला बांधून ठेवणारे असे काय त्याच्यात असते?

या प्रश्नाच्या शोधाला निघण्यास चेन्नई शहर सोयीचे आहे. १९९६ पर्यंत ज्याला मद्रास म्हणत, त्या या शहरात मरीनाच्या वाळवंटाला समांतर असा एक प्रशस्त रस्ता जातो. त्याच्या आसपास, एकमेकींपासून थोड्याच अंतरावर, दोन जुन्या वास्तू उभ्या आहेत. एक चेपॉकचा महाल. अर्काटचे नबाब महंमद अली वालाजा यांच्यासाठी तो १७६८ मध्ये बांधला गेला. दुसरी प्रेसिडेन्सी कॉलेजची इमारत. महालाच्या बाजूने हुक्क्याची कथा सांगता येते आणि कॉलेजच्या बाजूने वलयाची. या दोन कथा आरंभी एकत्र दिसतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा होतात हेच पाहावयाचे आहे.

प्रथम हुक्का. तंबाखू ही मूळची या देशाची नव्हे. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये प्रथम रुजली. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा एक अधिकारी सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापूरच्या दरबारी कामगिरीवर गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत ती त्याने कधी पाहिली नव्हती. परत जाताना त्याने थोडी तंबाखू आणि रत्ने जडविलेली एक सुंदर नळी बरोबर नेली आणि ती बादशहाला नजर केली. या प्रसंगाचे वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. राजवैद्यांनी हरकत घेतली. या वनस्पतीविषयी आपल्या ग्रंथांत काही सांगितलेले नाही, तेव्हा तिचा प्रयोग बादशहाच्या देहावर करू नये, असे त्यांचे म्हणणे. असद बेगाने त्यावर वाद घातला की, एखादी वस्तू नवी आहे एवढ्याच कारणाने ती टाकून देणे शहाणपणाचे नाही. वादात असद बेगाची सरशी झाली असे त्याच्या लेखणीवरून वाटते. बादशहाने मात्र पुढे तंबाखू ओढली नाही, आणि दरबारातील सरदार ती ओढू लागले. चारशे वर्षांनंतर मागे वळून पाहिले म्हणजे वैद्यांची शंका अधिक खरी होती असे म्हणावे लागते.

धूर पाण्यातून ओढण्याची युक्ती अकबराच्या पदरी असलेल्या हकीम अबुल फत गिलानी याने काढली, अशी आख्यायिका आहे. परंतु हा हकीम १५८९ मध्येच मरण पावला होता आणि असद बेगाची नजर त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी दरबारात आली. तेव्हा ही आख्यायिका जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. युक्ती कोणाचीही असो, तिच्यामागची कल्पना स्पष्ट होती. पाणी सर्व काही धुऊन काढते, तसे ते धुरातील दोषही धुऊन काढील. ही समजूत हुक्क्याबरोबर जन्मली आणि आजतागायत हुक्क्याला चिकटून राहिली आहे. तिचा समाचार पुढे घ्यावयाचा आहे.

जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण हुक्का थांबला नाही. बीदरच्या कारागिरांनी जस्ताच्या मिश्रधातूची भांडी घडविली, त्यांवर चांदीची वेलबुट्टी बसविली, किल्ल्यातील माती लावून धातू काळाभोर केला, आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर चांदी चांदण्यासारखी चमकू लागली. अशा बिदरी हुक्क्यांचे बुडखे आज जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांनीही हुक्क्याचा शौक उचलला आणि त्यासाठी हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकर ठेवला. चिलीम भरणे, निखारे फुलविणे, पाणी बदलणे, नळी साफ ठेवणे, एवढेच त्याचे काम. मोगली वळणाच्या प्रत्येक दरबारात हुक्का हा आदरातिथ्याचा भाग होता.

मद्रास इलाख्याची सर्वसामान्य जनता मात्र हुक्क्याच्या फारशी नादी लागली नाही. तेथला धूर निराळा. तंबाखूच्या पानाची वळी करून ओढण्याची रीत तेथे रूढ झाली. गुंडाळणे या अर्थाच्या तमिळ शब्दावरून तिला ‘सुरुट्टू’ म्हणत. त्या शब्दाचा इंग्रजांनी ‘चेरूट’ केला आणि इंग्रजीतून तो ‘चिरूट’ होऊन मराठीत आला. त्रिचनापल्लीच्या चिरुटांची कीर्ती इतकी दूरवर गेली की, १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स जमिनीवरील राखेवरून गुन्हेगार त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता हे ओळखतो. असो. चिरुटाच्या राखेतून गुन्हेगार सापडत असेल, पण उत्तम वलय काढण्याच्या कामी हुक्काच श्रेष्ठ, असे या शौकातील जाणकारांचे मत असे. त्या मताला कारण होते.

चिरुटाचा धूर ऊन असतो. ऊन हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून त्या धुराचे कडे वाकडेतिकडे होऊन लवकर मोडते. हुक्क्यात चिलमीपासून निघालेला धूर पाण्यातून बुडबुडे काढीत येतो आणि लांब नळीतून प्रवास करतो. तोंडात पोचेपर्यंत तो गार आणि दमट झालेला असतो. शिवाय हुक्क्याची तंबाखू गुळाच्या काकवीत मळलेली असते. आजकाल तीत ग्लिसरीनही घालतात. त्यामुळे धुरात सूक्ष्म थेंबांची गर्दी होते आणि तो दाट, पांढुरका दिसतो. गार, दाट आणि सावकाश हलणारा धूर म्हणजे चित्रकाराला मिळालेला उत्तम रंगच.

पण रंग चांगला असला म्हणजे चित्र चांगले होते असे नाही. नवशिका मनुष्य काय करतो? छातीभर धूर घेतो आणि फुंकर मारतो. कडे निघत नाही, लोट निघतो. जाणता मनुष्य छातीपर्यंत धूर नेतच नाही. तो धूर तोंडातच ठेवतो, जीभ मागे आणि खाली घेतो, ओठ पुढे काढून त्यांचे गोल तोंड करतो आणि श्वास न सोडता घशाने किंवा गालाने एक लहानसा, तुटक धक्का देतो. धक्का सुरू व्हावा आणि लगेच थांबावा. गालावर टिचकी मारूनही हे साधते. खोलीत पंखा नको, दार उघडे नको. मरीनावर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्या वाऱ्यात जगातला सर्वश्रेष्ठ हुक्केबाजही एक कडे धड काढू शकणार नाही.

फुंकरीने जे साधत नाही ते धक्क्याने का साधते? येथे हुक्क्याची बैठक सोडून कॉलेजच्या बाजूला यावे लागते.

धुराने भरलेली हवा ओठांच्या गोल छिद्रातून एकदम बाहेर पडते तेव्हा तिचा मधला भाग वेगाने पुढे सरतो. कडेचा भाग मात्र ओठांना आणि बाहेरच्या स्थिर हवेला घासून मागे रेंगाळतो. मधला भाग पुढे आणि कडेचा मागे, म्हणून कड बाहेरच्या बाजूने मागे वळते आणि स्वतःभोवती गुंडाळली जाते. सदरा काढताना बाही उलटत जाते, काहीशी तशीच ही क्रिया. ही गुंडाळी छिद्राच्या संपूर्ण परिघावर एकाच वेळी होते, त्यामुळे तिचे एक बंद कडे तयार होते. या कड्यातील हवा सतत फिरत असते. आतल्या बाजूने पुढे, बाहेरच्या बाजूने मागे. कड्याचा प्रत्येक अंश आपल्या फिरण्याने समोरच्या अंशाला पुढे ढकलतो आणि समोरचा अंश त्याला. म्हणजे कड्याला बाहेरून कोणी ओढीत नाही. ते स्वतःच्याच गतीवर स्वार होऊन चालते. शास्त्राच्या परिभाषेत याला भोवरवलय म्हणता येईल.

या भोवऱ्यांचे गणित प्रथम मांडले ते हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने, १८५८ साली. हा मनुष्य शिक्षणाने वैद्य होता आणि शरीरविज्ञानाचा प्राध्यापक होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे. द्रवाला अंतर्गत घर्षण मुळीच नाही असे समजले तर त्यातील भोवरा कधी नष्ट होणार नाही आणि नवा उत्पन्नही होणार नाही, असे त्याने सिद्ध केले. भोवऱ्याला द्रवाच्या आत कोठेही टोक असू शकत नाही. एक तर तो द्रवाच्या सीमेपर्यंत जाईल, नाही तर स्वतःला मिळून कडे बनेल. एका कड्यातून दुसरे कडे कसे निघते तेही त्याच्या गणितातून निघाले. दोन वलये एकामागून एक जात असली म्हणजे पुढचे वलय मागच्याच्या प्रभावाने रुंद होते आणि मंदावते. मागचे आकसते आणि वेग घेते. मग ते पुढच्याच्या पोटातून पार होते. आता जे मागे पडले त्याची पाळी येते. हुक्का ओढणाऱ्या गृहस्थाने मुलांना दाखविलेली करामत ती हीच. त्याचे कौशल्य खरेच होते, पण दुसरे वलय पहिल्यातून जावे ही व्यवस्था निसर्गाने आधीच करून ठेवलेली होती.

हेल्महोल्ट्झचा जर्मन लेख एडिंबरोच्या पीटर गथ्री टेट या प्राध्यापकाने वाचला आणि इंग्रजीत आणला. टेट नुसत्या गणितावर थांबणारा नव्हता. त्याने एक लाकडी पेटी घेतली. तिच्या एका बाजूस गोल भोक पाडले, समोरची बाजू काढून तेथे कापड ताणून बसविले, आणि पेटीत रसायनांच्या साहाय्याने नवसागराचा दाट पांढरा धूर केला. कापडावर थाप मारली की भोकातून एक मोठे, डौलदार वलय सुटे. हा प्रयोग १८६७ च्या जानेवारीत त्याने आपला मित्र विल्यम टॉमसन याला दाखविला. हाच टॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाला. दोन वलये एकमेकांवर आपटत तेव्हा ती मोडत नसत. रबराच्या कड्यांप्रमाणे थरथरत आणि उसळून दूर जात. हे पाहून केल्व्हिनच्या मनात एक विलक्षण कल्पना आली. विश्व भरून राहिलेल्या ईथर नावाच्या घर्षणरहित द्रव्यातील भोवरवलये म्हणजेच अणू नसतील काय? वलय अविनाशी, अणूही अविनाशी. वलय थरथरते, अणूही थरथरून प्रकाश देतो. निरनिराळ्या गाठी मारलेली वलये म्हणजे निरनिराळी मूलद्रव्ये.

कल्पना देखणी होती, पण खरी नव्हती. ईथरचे अस्तित्वच पुढे संशयात पडले. १८८७ च्या मायकेल्सन आणि मॉर्ले यांच्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही. केल्व्हिननेही अखेर तो नाद सोडला. तरीही श्रम वाया गेले नाहीत. गाठींचे प्रकार किती हे मोजण्यासाठी टेटने जे कोष्टक मांडले, त्यातून गाठींचे एक स्वतंत्र गणितशास्त्र वाढले. धुराच्या कड्याकडे तासन्‌तास पाहत बसणे हे रिकामटेकडेपणाचे लक्षण मानण्याआधी या उदाहरणाचा विचार व्हावा.

टेटचे भाषांतर ज्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या नियतकालिकात १८६७ साली छापले गेले, त्याच नियतकालिकात १९०६ साली मद्रासहून आलेला एक लेख छापला गेला. लेखक प्रेसिडेन्सी कॉलेजचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता आणि आयताकृती छिद्रातून जाणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांचे त्याने निरीक्षण केले होते. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. पुढल्याच वर्षी तो सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला लागला आणि कलकत्त्यास कचेरीच्या वेळेबाहेर प्रयोग करीत राहिला. थोर शोधांना थोर उपकरणेच लागतात असे नाही, ही शिकवण या कॉलेजात रामनच्याही आधीपासून होती. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या देशस्थ घराण्यातील टी. माधवराव हे १८४१ च्या सुमारास मद्रासच्या सरकारी शाळेत दाखल झाले. याच शाळेचे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. तेथे ते पॉवेल नावाच्या गणिताच्या नामांकित गुरूच्या हाताखाली शिकले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण विद्यार्थिदशेत बांबूच्या नळ्या आणि साधी भिंगे जोडून ते स्वतःच्या हातांनी दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक तयार करीत, असेही त्यांच्या चरित्रात सांगितले आहे.

बांबूच्या नळीतून ज्याला आकाश पाहता येते त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातून वलय काढता येण्यास काय हरकत आहे? श्रोत्यांपैकी कोणाला हौस असेल तर त्याने एक मजबूत खोके घ्यावे आणि सांध्यांवर कागद चिकटवावा. एका बाजूस वाटीच्या तोंडाएवढे स्वच्छ गोल भोक पाडावे, समोरची बाजू कापून तेथे जाड प्लॅस्टिक ताणून बसवावे. आत जळत्या उदबत्तीचा थोडा धूर घ्यावा आणि प्लॅस्टिकवर बोटांनी तुटक टिचकी मारावी. हुक्केबाजाला वर्षभराच्या रियाजाने जे साधते ते येथे लहान मुलालाही पहिल्या दहा मिनिटांत साधते. मग भोक चौकोनी करून पाहावे. वलय थरथरत, आकार बदलत, गोलाकडे झुकत जाते. दोन टिचक्या पाठोपाठ मारून पाहाव्या, दुसरी जरा जोराने. एक वलय दुसऱ्यातून जाताना दिसेल.

आणि सर्वांत शेवटी एक प्रयोग करावा. खोक्यातील सारा धूर घालवून टाकावा, दोन-तीन हातांवर एक मेणबत्ती पेटवून ठेवावी आणि भोक तिच्यावर रोखून टिचकी मारावी. डोळ्यांना काहीच दिसणार नाही, पण क्षणभराने ज्योत लवेल आणि नेम बरोबर असेल तर विझेल. वलय गेले. धूर नव्हता, पण वलय होते. ज्याला सारे जण धुराचे वलय म्हणतात ते खरोखर धुराचे नसतेच. ते गतीचे असते. धूर ही केवळ त्याला दिसण्यापुरती लावलेली हळद आहे.

ज्याच्या घरी खोकेही नाही त्याने परातीत पाणी घेऊन ते पूर्ण स्थिर होऊ द्यावे. चमचा अर्धा बुडवून थोडासा पुढे ओढावा आणि झटकन वर उचलावा. पाण्यावर दोन लहान खळगे उठतील आणि जोडीने, एकमेकांपासूनचे अंतर राखून, परातीच्या काठापर्यंत चालत जातील. ते दोन खळगे म्हणजे पाण्याखाली असलेल्या अर्ध्या वलयाची दोन टोके. हा चमच्याचा प्रयोग खुद्द हेल्महोल्ट्झनेच आपल्या लेखात सुचविला आहे. परात उन्हात ठेवली तर तळावर दोन काळ्या टिकल्या धावताना दिसतात.

चांगले वलय काढण्याचे एक प्रमाणही आता ठाऊक झाले आहे. १९९८ साली अमेरिकेतील घरीब, रंबोद आणि शरीफ या संशोधकांनी नळीतून दट्ट्याने पाणी ढकलून वलये केली आणि मोजमापे घेतली. ढकललेल्या पाण्याच्या स्तंभाची लांबी नळीच्या व्यासाच्या सुमारे चौपट होईपर्यंत सारा भोवरा वलयातच गोळा होतो. त्याहून अधिक ढकलले तर वलय ते अधिकचे स्वीकारीत नाही. ते शेपटासारखे मागे लोंबत राहते. फुंकर का फसते याचे उत्तर येथे मिळते. ओठांचे छिद्र दोन सेंटिमीटर रुंद धरले तर धुराचा स्तंभ आठ सेंटिमीटर लांब हवा. हिशेब केला तर त्याचे घनफळ पंचवीस घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचे पाच चमचे इतके भरते. उत्कृष्ट वलयाला याहून अधिक काही लागत नाही. आणि हुक्क्याच्या एका दमात माणूस किती धूर ओढतो? सामान्यतः अर्धा लिटर, म्हणजे वीसपट. वलयासाठी लागतो त्याहून कितीतरी अधिक धूर छातीत जातो, आणि त्या अधिक धुराने वलय सुधारत नाही, उलट बिघडते.

आता पाण्याच्या त्या जुन्या समजुतीचा समाचार. पाण्यातून गेल्याने धूर गार होतो, हे खरे. गार झाल्याने तो घशाला झोंबत नाही, हेही खरे. त्यामुळेच माणूस अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. पण निकोटिन, डांबर आणि कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हे सारे पाण्याला चकवून आत येतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात सांगितले आहे की, हुक्क्याच्या तासाभराच्या एका बैठकीत ओढल्या जाणाऱ्या धुराचे घनफळ एका सिगारेटच्या धुराच्या शंभर ते दोनशे पट असते. अकबराच्या राजवैद्यांनी ग्रंथात आधार नाही म्हणून शंका घेतली होती. आज आधार भरपूर आहे. त्यात भर म्हणून सुगंधी तंबाखूचा हुक्का नव्या थाटात उपाहारगृहांतून परत आला आणि त्याभोवती मुख्यतः तरुणच जमू लागले. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत चौदा जणांचे प्राण गेले, आणि चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविले गेले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्कागृहांवर बंदी घातली. तमिळनाडूच्या विधानसभेने २०२२ मध्ये तसेच विधेयक संमत केले आणि पुढील वर्षी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

कायदा हुक्कागृह बंद करू शकतो. वलयाचे आकर्षण कायद्याने बंद होत नाही, आणि व्हावे असेही नाही. ते आकर्षण निर्मळ आहे. इटलीतील एटना ज्वालामुखी कधी कधी आकाशात शेकडो हात रुंदीची बाष्पवलये सोडतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये तेथील लोकांनी ती लागोपाठ उठताना पाहिली. डॉल्फिन पाण्याखाली हवेची रुपेरी वलये करतात आणि त्यांच्याशी खेळतात. त्यांना कोणी हुक्का भरून दिलेला नसतो.

परंतु सर्वांत जवळचे वलय याहूनही जवळ आहे. मूळच्या वैद्याने मांडलेले हे गणित फिरून वैद्यकाकडेच आले आहे. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरते तेव्हा ते मधल्या झडपेच्या तोंडातून अशाच तुटक धक्क्याने येते, आणि प्रत्येक ठोक्याला तेथे रक्ताचे एक भोवरवलय उठते. घरीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले की, निरोगी हृदयात रक्ताच्या स्तंभाचे झडपेच्या व्यासाशी असलेले प्रमाण त्याच चौपटीच्या आसपास असते. हृदय दुबळे होऊन फुगले म्हणजे ते प्रमाण खाली येते. दिवसातून सुमारे एक लाख वेळा, कोणालाही न दिसता, न शिकविता, हे वलय प्रत्येकाच्या छातीत निर्माण होत असते.

लोडाला टेकलेला तो गृहस्थ मुलांच्या आनंदासाठी हवेत कडे सोडतो. त्यासाठी छातीत घेतलेला धूर जे हृदय आणि ज्या रक्तवाहिन्या हळूहळू कठीण आणि दुबळ्या करतो, त्याच हृदयात त्याहून अचूक वलय त्या क्षणीही उठत असते. मुलांनी टाळ्या पिटाव्या, गृहस्थानेही त्यांना वलये जरूर दाखवावी. फक्त नळी बाजूला ठेवून पुठ्ठ्याचे एक खोके, एक उदबत्ती आणि परातभर पाणी पुढे ओढावे.